मेसेज येत नाही, की जात नाही?

नमस्कार श्रोतेहो. मोबाईलवर यूपीआय सुरू करताना ‘नंबरची पडताळणी झाली नाही’ असं दिसतं आणि काम तिथंच अडतं. मग बरेच जण मेसेजची वाट बघत बसतात. खरं तर या टप्प्यावर मेसेज यायचा नसतो, तो आपल्या फोनमधून जायचा असतो. ॲप सांकेतिक अक्षरांचा एक मेसेज पाठवतं आणि त्यावरून खात्याला जोडलेलं सिम याच फोनमध्ये असल्याची खात्री होते. आयफोनवर हा मेसेज नुसता समोर येतो. त्यातलं एकही अक्षर न बदलता ‘पाठवा’ आपणच दाबायचं.

म्हणून आधी त्याच सिमवरून घरातल्या कुणाला तरी साधा मेसेज पाठवून बघा. व्हॉट्सॲप नको, ते इंटरनेटवर चालतं. साधा मेसेजच गेला नाही, तर ॲप काढून पुन्हा टाकण्यात अर्थ नाही. काही स्वस्त रिचार्जमध्ये कॉल असतात, मेसेज नसतात. अशा वेळी दहा-वीस रुपयांचा टॉपअप मारा. एका मेसेजला साधारण एक-दीड रुपया जातो.

पाटण, जावळीच्या डोंगराळ भागात अडचण रेंजची असते. मेसेज जातो, पण उशिरा. तोवर ॲपची मुदत संपलेली असते. दोन-तीन दांड्या दिसतील अशा जागी या आणि मेसेज जाईपर्यंत ॲप बंद करू नका.

साधा मेसेज गेला, तरी पडताळणी होत नाही? दोन सिम असतील तर ॲपमध्ये खात्याचं सिम निवडलंय का बघा. अँड्रॉइड फोनवर सेटिंग्जमध्ये ॲप्स, तिथं ते ॲप, मग परवानग्या असं जाऊन ‘एसएमएस’ आणि ‘फोन’ दोन्ही चालू करा. वायफाय बंद करून मोबाईल डेटावर पुन्हा करा. लागोपाठ दहा वेळा मात्र दाबू नका. काही ॲप मग काही तास अडवूनच ठेवतात.

आपल्या सातारा जिल्ह्यात आणखी एक गोष्ट हमखास आढळते. खातं आईवडिलांचं आणि त्याला नंबर मुंबईला असलेल्या मुलाचा! मग गावातल्या फोनवर कितीही खटपट केली तरी जुळणार नाही. पासबुक आणि आधार घेऊन शाखेत जा, नंबर बदलायचा अर्ज द्या आणि बदल झाल्याचं बँकेनं कळवल्यावरच पुढं जा. सिम हरवून किंवा खराब होऊन त्याच नंबरचं नवं घेतलं असेल, तर पहिले 24 तास मेसेजची सोय बंद ठेवतात. फसवणूक टळावी म्हणूनच ते असतं, तेवढं थांबा.

एक कळकळीची विनंती. कुणी फोनवरून ‘हा मेसेज अमुक नंबरला पाठवा’ असं सांगितलं, तर पाठवू नका. तो पडताळणीचाच मेसेज असू शकतो आणि तुमचं खातं समोरच्याच्या फोनला जोडलं जाऊ शकतं. पैसे गेलेच तर लगेच 1930 ला फोन करा.

ओटीपी येतो तो यानंतर, पिन ठरवताना. एटीएम कार्डावरचे शेवटचे सहा आकडे आणि मुदतीचा महिना-वर्ष हाताशी ठेवा. आणि नव्या फोनवर पहिल्या 24 तासांत साधारण पाच हजारांपर्यंतच पैसे पाठवता येतात. खताच्या दुकानाचं मोठं बिल त्याच दिवशी भरायचं ठरवू नका.