तंबूत राहायचं तर आधी झिप

दक्षिण आफ्रिकेत क्रूगर राष्ट्रीय उद्यानाच्या पश्चिमेला साबी सँड, टिंबावटी ही खासगी अभयारण्यं आहेत. क्रूगर आणि साबी सँड यांच्यामधलं कुंपण १९९३ साली काढलं, तेव्हापासून जनावरं दोन्हीकडे मोकळी फिरतात. इथल्या बऱ्याच सफारी कॅम्पना स्वतःचं कुंपण नसतं. तंबू कितीही ऐसपैस असो, लाकडी चौथऱ्यावर पलंग असो, मागे न्हाणीघर असो, भिंत कॅनव्हासचीच. म्हणून आधी झिपबद्दल बोलू.

बंद तंबूत शिरायला सिंह सहसा जात नाही. खरा उपद्रव माकडांचा. व्हर्वेट माकडं आणि बबून झिप सहज सरकवतात, कारण आत खाऊ असतो हे ती शिकलेली असतात. लाडू, चकल्या, फळं पोहोचताक्षणी कॅम्पच्या स्वयंपाकघरात द्या. बाहेर पडताना झिपच्या दोन्ही कड्या तळाच्या कोपऱ्यात आणून एकमेकींत क्लिप अडकवा. मधेच अडकवली तर खालून बोट घालायला फट राहते. बूटही आत घ्या. तरस चामडं चघळायला उचलून नेतं आणि बाहेर राहिलेल्या बुटात विंचू शिरू शकतो. अंधार पडल्यावर दोन पावलंसुद्धा एकट्याने टाकायची नाहीत. कॅम्पचा माणूस टॉर्च घेऊन न्यायला येतो, तोवर थांबायचं.

जून ते ऑगस्ट इथला हिवाळा. झाडी विरळ होते, जनावरं पाणवठ्यांवर येतात, म्हणून पाहायला हाच काळ उत्तम. पण आफ्रिका म्हणजे ऊन, हा आपल्याकडच्या लोकांचा अंदाज इथे सपशेल चुकतो. पहाटे पारा १० अंशांखाली जातो आणि उघड्या लँड क्रूझरमध्ये वारा अंगावर येतो. एक जाड जाकीट आणलं की नऊनंतर उकडायला लागतं. त्यापेक्षा तीन पातळ थर, कानटोपी, हातमोजे. बऱ्याच गाड्यांत ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी देतात. ती पिशवी पोटाशी धरा.

जुन्या धर्तीच्या कॅम्पमध्ये बादलीचा शॉवर असतो. साधारण २० लिटर गरम पाणी भरून बादली दोरीने वर ओढतात. नळी उघडीच ठेवली तर साबण अंगावर असतानाच पाणी संपतं. भिजा, बंद करा, साबण लावा, मग उघडा.

वीज बहुधा सौर. हेअर ड्रायर लावला की इन्व्हर्टर ट्रिप होतो. आपल्या गिझरचा जाड तीन गोल पिनांचा प्लग तिथल्या सॉकेटमध्ये बसतो, छोटा नाही. लहान विमानाने जाणार असाल तर मऊ पिशवीच घ्या, साधारण २० किलोपर्यंत. कडक बॅग सामानाच्या खणात शिरत नाही.

हा भाग मलेरियाचा आहे, गोळ्यांचं डॉक्टरांना निघण्याआधीच विचारा. सहलीला केनिया जोडलात तर पिवळ्या तापाची लस किमान १० दिवस आधी घेऊन प्रमाणपत्र जवळ ठेवा. नाहीतर भारतात परतल्यावर ६ दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.