मान हलवली म्हणजे होकार नव्हे

मंडळी, मृत्युपत्राचे दावे मी बरेच चालवले, पण त्यातली एक उलटतपासणी अजून कानात आहे. नाव-गाव सांगत नाही. इकडचीच, खानदेशातली एक आजी, शाळेची पायरी न चढलेली, जन्मभर अहिराणीच बोललेली. तिच्या मृत्युपत्राची सुरुवात अशी: ‘मी स्वखुशीने व अक्कलहुशारीने, कोणाच्याही दडपणाखाली न येता...’ खाली डाव्या अंगठ्याचा ठसा, जरासा फरफटलेला. जमीन सगळी धाकट्या मुलाला. थोरल्याला नाही, मुलीला नाही. कागद लिहिणाऱ्याला मी विचारलं, वाचून दाखवलं का? हो. कोणत्या भाषेत? मराठीत. मग त्या काय म्हणाल्या? ‘काही नाही, मान हलवली.’ तेव्हा उशाशी कोण बसलं होतं? धाकटा मुलगा.

मृत्युपत्राच्या दाव्यातली सगळी झुंज त्या हललेल्या मानेची असते. ज्याची मान हलली तो सांगायला उरलेला नसतो.

भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ याचं कलम ५९ सांगतं की सज्ञान आणि मनाने शाबूत माणूस मृत्युपत्र करू शकतो. मनाने शाबूत म्हणजे धडधाकट नव्हे. डोळे गेलेले असोत, ऐकू येत नसो, आपण काय करतोय हे कळत असलं की पुरे. एरवी भ्रम असलेला माणूसही शुद्धीवर असतानाच्या काळात मृत्युपत्र करू शकतो. पण नशेत किंवा आजाराच्या ग्लानीत, काय चाललंय याचं भान नसताना केलेलं टिकत नाही. म्हणून ‘वय ८५, म्हणजे मृत्युपत्र खोटं’ हे चावडीवरचं बोलणं कोर्टात चालत नाही.

दडपणाचं कलम ६१. फसवणूक, जबरदस्ती किंवा माणसाची स्वतःची मर्जीच संपून जाईल इतका तगादा लावून करून घेतलेलं मृत्युपत्र रद्दबातल. इथे नीट लक्ष द्या. मुलाने विनवणी केली, सेवा केली, ‘बाबा, माझं बघा’ म्हटलं, आणि बापाने विचार करून दिलं, तर ते दडपण नाही. खाटेला खिळलेल्या बापाने रोजची कटकट थांबावी, घरात शांतता राहावी एवढ्यासाठीच अंगठा उठवला, तर ते दडपण. आपल्या घरांत हे दुसरं किती सहज होतं, ते तुम्ही पाहिलंय. औषधाची गोळी ज्याच्या हातून मिळते, त्याला नाही म्हणायला फार बळ लागतं.

दडपण आणलं असं जो म्हणतो, त्याने ते सिद्ध करायचं. पण सर्वोच्च न्यायालयाच्या वेंकटाचल अय्यंगार खटल्यातल्या निकालापासून एक गोष्ट पक्की आहे: परिस्थिती संशयास्पद असेल तर संशय दूर करायची जबाबदारी मृत्युपत्र पुढे करणाऱ्याची. ज्याला सगळं मिळतंय त्यानेच धावपळ करून कागद करून घेतला, सही थरथरती आहे, जवळच्या वारसांना कारण न देता वगळलंय, असं दिसलं की कोर्ट थबकतं. नोंदणी सक्तीची नाही, केलेली बरी. पण नोंदणीचा शिक्का बसला म्हणून संशय धुऊन निघत नाही.

तेव्हा तब्येत बरी असताना करा. दोन साक्षीदार लागतातच. ते तुमच्यापेक्षा तरुण आणि वाटणीशी संबंध नसलेले घ्या. नेहमीच्या डॉक्टरांचा त्याच दिवसाचा दाखला जोडा. ज्याला देताय त्याला त्या वेळी खोलीबाहेर बसवा. कोणाला कमी देत असाल तर का, ते एका ओळीत लिहा. मत बदललं तर मृत्युपत्र हयातीत कधीही बदलता येतं.

आणि भाषा. कलम ७४ म्हणतं, ठरावीक कायदेशीर शब्द लागत नाहीत, मनातला हेतू कळला पाहिजे. म्हणजे अहिराणीतही लिहिता येतं. त्या आजींच्या शेजारणीने साक्षीत सांगितलं होतं, आजी नेहमी म्हणायच्या, ‘निंबखालनं वावर मनी आंडेरले देनं शे.’ म्हणजे निंबाखालचं शेत माझ्या मुलीला द्यायचं आहे. पण तोंडी बोलणं म्हणजे मृत्युपत्र नव्हे. धाकट्याला संशय दूर करता आला नाही, मृत्युपत्र शाबीत झालं नाही, आणि तिन्ही भावंडांना कायद्याने सारखा हिस्सा मिळाला. निंबाखालचा तुकडा मात्र वाटणीत थोरल्या भावाकडे गेला.