मुंबई ते न्यूयॉर्क नेमकं किती?

मंडळी, घरी भिंतीवर जगाचा नकाशा असेल तर मुंबई आणि न्यूयॉर्कवर पट्टी ठेवून रेघ ओढा. नेहमीच्या शालेय, मर्केटर पद्धतीच्या नकाशावर ती अरबस्तान, सहारा आणि अटलांटिकवरून जाते. या मार्गानं विमान नेलं तर साधारण 14,200 किलोमीटर पडतील.

आता पृथ्वीचा गोल घ्या आणि याच दोन शहरांमध्ये दोरा घट्ट ताणा. मुंबईहून तो अरबस्तानाकडे वळतच नाही. वायव्य-उत्तरेला निघून रशिया गाठतो, 65 अंश अक्षांशापर्यंत चढतो आणि आइसलंडवरून, ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून न्यूयॉर्कला उतरतो. लांबी सुमारे 12,540 किलोमीटर. दोन विमानतळांमधलं अंतर म्हणून छापतात ते हेच. पट्टीनं आपल्याला साडेसोळाशे किलोमीटर जास्त फिरवलं असतं!

आकडेमोडीला दोन्ही ठिकाणांचे अक्षांश-रेखांश आणि थोडी त्रिकोणमिती पुरते. पृथ्वी ध्रुवांकडे थोडी चपटी आहे, हे सोडून दिलं तर फार तर अर्ध्या टक्क्याची चूक होते. ती नको असेल तर 1975 साली भूमापनतज्ज्ञ विन्सेंटी यांनी दिलेली सूत्रं आहेत. वैमानिक मोजतात सागरी मैलात, म्हणजे 1,852 मीटरच्या मैलात. अक्षांशाची एक कला, म्हणजे अंशाचा साठावा भाग, जवळपास तेवढीच भरते, त्यामुळे हिशेब सोपा जातो.

पण विमान या दोऱ्यावरून उडतंच असं नाही. मध्ये बंद आकाश येतं. 2022 मध्ये रशियाचं आकाश युरोपीय कंपन्यांना बंद झालं आणि साडेनऊ तासांच्या हेलसिंकी-टोकियो प्रवासाला तेरा तास लागू लागले. विमानतळ जागचे हलले नव्हते.

वाऱ्याची गंमत तर याहून मोठी. एअर इंडियाचं दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान आधी अटलांटिकवरून जायचं, जवळपास 13,900 किलोमीटर. ऑक्टोबर 2016 मध्ये ते उलट्या दिशेनं, पॅसिफिकवरून नेलं. मार्ग 15,300 किलोमीटरचा, म्हणजे चौदाशेनं लांब, तरी वेळ सुमारे दोन तासांनी कमी. कारण विमानं उडतात त्या उंचीवर वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. अटलांटिकच्या वाटेवर ते समोरून येत, इकडे पाठीशी आले. साडेचौदा तासांत 15,300 म्हणजे जमिनीच्या हिशेबानं ताशी साधारण 1,055 किलोमीटर. एवढा वेग एकट्या इंजिनांचा नव्हे. इंधन जळतं ते हवेतून कापलेल्या अंतरावर. जमिनीवरचे किलोमीटर त्याला ठाऊक नसतात. म्हणून लांब पल्ल्याचा मार्ग आखताना त्या दिवशीचा वारा आधी बघतात. माझ्या मते हवेतून कापलेलं अंतर हेच खरं, बाकीचं भूमिती.

परतीचं विमान मात्र अटलांटिकवरूनच यायचं, कारण तिथेही पूर्वेकडेच जायचं होतं. म्हणजे दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाऊन परत आलेल्या प्रवाशाची त्याच तिकिटात पृथ्वीप्रदक्षिणा व्हायची.