पडद्यासमोर कोण बसलंय?

[दृश्य : १९८३. एमटीव्ही या अमेरिकन संगीत वाहिनीसाठी मुलाखत. गोरा रॉक गायक डेव्हिड बोवी आणि वाहिनीचा निवेदक मार्क गुडमन समोरासमोर बसलेत.]

निवेदन :
बोवी मुलाखत द्यायला आलाय, पण मध्येच तो स्वतःच गुडमनला प्रश्न विचारतो. तुमच्या वाहिनीवर कृष्णवर्णीय कलाकार इतके कमी का? आणि जे थोडे दिसतात ते पहाटे अडीच ते सहाच्या वेळातच का?

गुडमन सावरून घ्यायला बघतो. म्हणतो, आम्हाला नुसता न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसचा विचार करून भागत नाही. मिडवेस्टमधल्या, म्हणजे देशाच्या मधल्या भागातल्या, एखाद्या गावाचाही करावा लागतो. तिथले लोक प्रिन्ससारख्या कृष्णवर्णीय गायकाला बघून घाबरतील.

गंमत अशी की प्रिन्स मिनियापोलिसचा. म्हणजे मिडवेस्टचाच.

पण गुडमनला खोटं पाडण्यात आपल्याला रस नाही. उलट, टीव्ही कसा चालतो हे तो नकळत खरं सांगून गेला. पडद्यावर काय दिसणार हे ठरतं पडद्यासमोर कोण बसलंय यावरून; किंवा कोण बसलं असेल अशी वाहिनीची कल्पना आहे, त्यावरून. हिप-हॉपच्या, म्हणजे रॅप आणि त्याभोवतीच्या संस्कृतीच्या, वाट्याला आलेला टीव्ही समजून घ्यायचा, तर त्या घाबरट, बहुधा कुठेच नसलेल्या गावाचा माग काढायला हवा.

[दृश्य : न्यूयॉर्क शहरातलं ब्रॉन्क्स. पडक्या इमारती, मैदानात लावलेले स्पीकर.]

निवेदन :
एमटीव्ही सुरू झालं १ ऑगस्ट १९८१ ला. हिप-हॉप त्याच्याआधी आठ वर्षं जन्मलं होतं. जन्मतारीख म्हणून ११ ऑगस्ट १९७३ सांगतात, पत्ता १५२० सेजविक ॲव्हेन्यू, ब्रॉन्क्स. जमैकात जन्मलेला क्लाइव्ह कॅम्पबेल, म्हणजे डीजे कूल हर्क, त्या दिवशी बहिणीच्या पार्टीत रेकॉर्ड लावत होता. गाण्यातला फक्त तालवाद्यांचा तुकडा लांबवत न्यायची त्याची युक्ती, आणि त्या तुकड्यावर बेभान होणारी पोरं. कॅमेरा नव्हता. कोणाला तशी गरजही वाटली नव्हती.

मग कॅमेरे यायला लागले. १४ फेब्रुवारी १९८१ ला ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात फंकी फोर प्लस वन हा रॅप गट देशभर दिसला, तो त्या रात्रीची सूत्रधार, गायिका डेबी हॅरी हिने आपल्यासोबत आणला म्हणून. त्याआधी १९८० मध्ये रॅपर कर्टिस ब्लो ‘सोल ट्रेन’वर येऊन गेला होता.

इथे जरा थांबू या. ‘सोल ट्रेन’ हा कृष्णवर्णीयांनी कृष्णवर्णीयांसाठी काढलेला कार्यक्रम. डॉन कॉर्नेलियसने तो १९७० मध्ये शिकागोत सुरू केला आणि पुढच्याच वर्षी देशभर नेला. शनिवारी तो बघायचा, त्यातली नाचाची नवी चाल उचलायची आणि सोमवारी शाळेत ती करून दाखवायची, अशी एक पिढीच त्यावर वाढली. आणि कर्टिस ब्लो रॅप करून थांबल्यावर याच कॉर्नेलियसने कॅमेऱ्यासमोर सांगून टाकलं की आपल्यासारख्या जुन्या माणसाला यातलं काही कळत नाही. त्याच्या मनातला प्रेक्षक सूट घालणारा होता. साठच्या दशकातला नागरी हक्कांचा लढा बघितलेला होता. टापटिपीला प्रतिष्ठेचं मोल देणारा होता. तेव्हा गोरा टीव्ही विरुद्ध काळा टीव्ही अशी सरळ रेघ इथे मारता येत नाही. रस्त्यावरची पोरं दोन्हीकडे जराशी उपरीच होती.

[दृश्य : खरखरीत व्हिडिओटेप. क्लबच्या दाराशी गर्दी, माइकपुढे लोटणारी मुलं.]

निवेदन :
आणि आता या गोष्टीतला माझा सगळ्यात आवडता माणूस. राल्फ मॅकडॅनियल्स. न्यूयॉर्क महापालिकेच्या मालकीच्या डब्ल्यूएनवायसी-टीव्ही या छोट्या वाहिनीत इंजिनिअर. १९८३ मध्ये त्याने तिथेच ‘व्हिडिओ म्युझिक बॉक्स’ सुरू केला. त्याला लायनेल मार्टिन या साथीदाराची जोड मिळाली. पैसे जवळपास नाहीत आणि सेट म्हणजे शहरच.

एक साधी तांत्रिक गोष्ट लक्षात घ्या. त्या वेळी ब्रॉन्क्स आणि ब्रुकलिनच्या बहुतेक वस्त्यांत केबलची तारच पोचली नव्हती. एमटीव्ही केबलवर. म्हणजे एमटीव्हीने उद्या सकाळपासून रात्रीपर्यंत रॅप लावलं असतं, तरी ज्यांचं ते रॅप त्यांच्या घरी ते दिसलंच नसतं! मॅकडॅनियल्सची वाहिनी मात्र साध्या अँटेनावर लागायची. शाळा सुटली, घरी आलं, अँटेनाचे कान इकडेतिकडे वळवले की मुंग्यांमधून कार्यक्रम उमटायचा.

त्याचा प्रेक्षक कल्पनेतला नव्हता. तो शेजारी राहत होता. मॅकडॅनियल्स कॅमेरा घेऊन क्लबात, बागेत, गल्लीतल्या जलशात जायचा आणि गायकाइतकाच वेळ ऐकायला आलेल्यांना द्यायचा. पोरंपोरी माइकसमोर यायची. आपलं नाव, आपली वस्ती, आईचं नाव, तुरुंगात असलेल्या मित्राचं नाव घ्यायची. ‘शाउट-आउट’ची ही तऱ्हा टीव्हीवर रुजली ती इथून. कोणी त्यात समस्या शोधत नव्हतं, की समाजशास्त्र सांगत नव्हतं. एक मुलगी नवा कोट घालून आलीय आणि तो कॅमेऱ्यात यावा म्हणून वळून उभी राहतेय, बस्स.

[दृश्य : ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ची रंगीत अक्षरं.]

निवेदन :
एमटीव्हीने रॅप घेतलं ते रॉकच्या वशिल्याने. १९८४ मध्ये रन-डीएमसी या रॅप गटाच्या ज्या गाण्याने दार किलकिलं झालं त्यात कडाडती गिटार होती, आणि १९८६ मध्ये दार सताड उघडलं ते एरोस्मिथ या गोऱ्या रॉक बँडच्या साथीने. ऑगस्ट १९८८ मध्ये ‘यो! एमटीव्ही रॅप्स’ आला आणि बघता बघता वाहिनीच्या सर्वाधिक बघितल्या जाणाऱ्या कार्यक्रमांत गेला. सूत्रधार फॅब फाइव्ह फ्रेडी. मूळचा भिंती रंगवणारा चित्रकार. त्यानेही स्टुडिओ सोडला आणि कलाकारांच्या वस्त्यांत जाऊन चित्रण केलं. मिडवेस्टमधली गोरी पोरं घाबरली नाहीत. त्यांनी टोप्या उलट्या घातल्या.

तरी धास्ती संपली नव्हती. १९८९ मध्ये फ्रेडी एन.डब्ल्यू.ए. या रॅप गटासोबत लॉस एंजेलिसमध्ये फिरून आला. त्याच गटाचा ‘स्ट्रेट आउटा कॉम्प्टन’चा व्हिडिओ मात्र एमटीव्हीने नाकारला. त्याच वर्षी ग्रॅमीने रॅपसाठी पहिल्यांदा पुरस्कार ठेवला, पण तो देण्याचा सोहळा प्रक्षेपणातून वगळला. विजेते होते डीजे जॅझी जेफ आणि द फ्रेश प्रिन्स, म्हणजे विल स्मिथ. ते गेलेच नाहीत.

[दृश्य : रात्र. गस्तीच्या गाडीच्या काचेतून दिसणारा रस्ता.]

निवेदन :
आणि याच १९८९ च्या मार्चमध्ये फॉक्सवर ‘कॉप्स’ सुरू झाला. कॅमेरा पोलिसांच्या गाडीत. आपण पोलिसांच्या मागच्या सीटवर. पळणारा माणूस समोर, पाठमोरा. शीर्षकगीत मात्र जमैकन रेगेचं. तालासाठी काळा माणूस चालतो, हे टीव्हीने कधीच नाकारलं नव्हतं म्हणा! हा कार्यक्रम तीस वर्षांहून अधिक काळ चालला. जून २०२० मध्ये, पोलिसाच्या हातून जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा मृत्यू झाल्यावर, तोवर तो दाखवत असलेल्या पॅरामाउंट नेटवर्कने तो बंद केला. पुढे फॉक्स नेशनने पुन्हा सुरू केला.

गाडी तीच, रस्ता तोच, फक्त कॅमेरा दुसऱ्या काचेतून बघतोय, असंही टीव्हीवर एकदा घडलं. आणि घडलं चक्क एका विनोदी मालिकेत.

[दृश्य : ‘द फ्रेश प्रिन्स ऑफ बेल-एअर’. महागडी गाडी, मागे लाल-निळे दिवे.]

निवेदन :
ग्रॅमीवर बहिष्कार घालणारा तोच विल स्मिथ. सप्टेंबर १९९० मध्ये एनबीसीने त्याला मालिका दिली. फिलाडेल्फियातला वस्तीतला पोरगा श्रीमंत मावशी-काकांकडे राहायला जातो. हिप-हॉप इथे रंगीबेरंगी, तोंडाळ, निरुपद्रवी आहे. दिवाणखान्यात आणता येईल असं. टीका करायची तर जागा भरपूर आहे. पण पहिल्याच हंगामातला एक भाग बघा. विल आणि मावसभाऊ कार्लटन ओळखीच्या वकिलाची मर्सिडीज घेऊन निघालेत. पोलीस अडवतात, चोर समजून कोठडीत टाकतात. विलला हे नवीन नाही. कार्लटन सुखवस्तू घरातला. त्याला शेवटपर्यंत वाटतं की आपण हळू गाडी चालवत होतो म्हणून अडवलं, पोलिसांनी कर्तव्य केलं. रात्री तो वडिलांना विचारतो, तुम्ही पोलीस असता तर आम्हाला अडवलं असतं? न्यायालयात आयुष्य घालवलेले वडील म्हणतात, मला पहिल्यांदा अडवलं तेव्हा मीही स्वतःला हेच विचारलं होतं.

पाचेक महिन्यांनी, मार्च १९९१ मध्ये, लॉस एंजेलिसमध्ये पोलिसांनी रॉडनी किंग या कृष्णवर्णीय माणसाला मारहाण केली. एका रहिवाशाने ती आपल्या कॅमेऱ्यात टिपली आणि देशाने ती टीव्हीवर पाहिली. रॅपर जे आधीपासून कानीकपाळी ओरडत होते, त्याला आता चित्र मिळालं.

आपल्याकडे नव्वदीत केबलवाल्याने एमटीव्ही आणलं, तेव्हा यातलं मागचंपुढचं काहीच आलं नाही. मुंबई-पुण्यात आपण ढगळ पँट आणि जाड साखळ्या पाहिल्या. आपण तर कोणाच्याच हिशेबातले प्रेक्षक नव्हतो.

[दृश्य : जून २०१५. बीईटी या कृष्णवर्णीय प्रेक्षकांच्या वाहिनीचा पुरस्कार सोहळा. पोलिसांच्या गाडीच्या टपावर उभा रॅपर केंड्रिक लमार.]

निवेदन :
या दृश्यानंतर फॉक्स न्यूजवर पत्रकार हेराल्डो रिव्हेरा म्हणाला, गेल्या काही वर्षांत तरुण आफ्रिकन-अमेरिकनांचं वंशवादापेक्षा हिप-हॉपने जास्त नुकसान केलंय. लमारने ते वाक्यच उचललं. रिव्हेराचा आवाज २०१७ च्या अल्बममध्ये घातला. त्या अल्बमला पुढच्या वर्षी पुलित्झर मिळालं.

[दृश्य : ९ फेब्रुवारी २०२५. न्यू ऑर्लिन्स, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याचा मध्यंतर.]

निवेदन :
आणि मग अमेरिकन टीव्हीवरची सगळ्यात महागडी तेरा मिनिटं लमारच्याच हातात आली. प्रेक्षक १३ कोटी ३५ लाख. अंकल सॅमच्या, म्हणजे अमेरिकेचं प्रतीक असलेल्या म्हाताऱ्याच्या, वेशात नट सॅम्युएल एल. जॅक्सन. तो गायकाला दटावतो: फार गोंगाट, फार बेफाम, फार ‘घेटो’, म्हणजे गरीब काळ्या वस्तीतला. तो बोलतोय गुडमनचीच भाषा, फक्त या वेळी ती संहितेत लिहिलेली आहे आणि एक काळा नट ती मजेत म्हणतोय. लाल, पांढऱ्या, निळ्या कपड्यांतले नर्तक मिळून झेंडा होतात. सगळे कृष्णवर्णीय. कार्यक्रमातल्याच एकाने मैदानात सुदान आणि पॅलेस्टाईनचा झेंडा फडकवला. प्रक्षेपणात तो दिसला नाही.

त्यानंतर अमेरिकेच्या दळणवळण आयोगाकडे तक्रारी जाऊ लागल्या. काहींचं म्हणणं होतं, मंचावर एकही गोरा माणूस नव्हता. हा कार्यक्रम आमच्यासाठी नव्हताच.