चरणपूर, लालगंज, तेजपूर : मुक्काम पोस्ट वाई

(दृश्य : वाईजवळच्या मेणवलीचा नदीघाट, सकाळ. कॅमेरा पायऱ्यांवरून पाण्याकडे उतरतो.)

'गंगाजल'मधलं बिहारचं तेजपूर. 'स्वदेस'मधलं उत्तर प्रदेशातलं चरणपूर. 'दबंग'मधलं लालगंज. २००३, २००४ आणि २०१० सालचे हे तीन सिनेमे. पडद्यावर गावं उत्तरेतली, पण ती उभी राहिली मुख्यतः वाई आणि आसपास, आपल्या सातारा जिल्ह्यात. २०१३ च्या 'चेन्नई एक्सप्रेस'मध्ये तर हीच वाई तमिळ झाली.

वाईलाच हे काम का मिळतं? मुंबईहून जनरेटर व्हॅन पाच-सहा तासांत पोचते. दहा-बारा किलोमीटरच्या आत नदी, दगडी घाट, वाडे, देवळं, उसाची शेतं सगळं सापडतं. पसरणीचा घाट चढला की पाचगणीत युनिटच्या राहण्याची सोय. हिशेब एवढाच. खरी मेहनत पुढे असते, वाई लपवण्याची.

पहिली हाक रंगाऱ्याला. लिपी दोन्हीकडे देवनागरीच, त्यामुळे काम सोपं वाटतं आणि तिथेच फसतं. 'किराणा'चं 'किराना' होतं, 'डेअरी'चं 'डेयरी' होतं, पण लांबच्या कोपऱ्यातल्या पिठाच्या गिरणीवर 'दळण' तसंच राहतं. हिंदी पाटीवर 'ळ' दिसला की गाव कुठलं ते कळलं. मग ती पाटी उतरवायची किंवा तिच्यासमोर टेम्पो उभा करायचा. गाड्यांच्या नंबरांचंही तसंच. हिरोच्या जीपला यूपीची पाटी आठवणीनं लागते. मागे चहाच्या टपरीशी उभी असलेली साताऱ्याच्या एमएच ११ नंबरची मोटारसायकल मात्र कुणाच्या लक्षात येत नाही. जीपची ही खोटी पाटी 'कट' झाल्यावर आधी काढायची असते, ती लावून गाडी हमरस्त्यावर गेली तर पोलिसांची गाठ. मैलाच्या दगडावर गोणपाट टाकून पुढे गवताची पेंढी ठेवतात. आणि एसटी? ती कुणासाठी थांबत नाही. म्हणून एक सहायक आगाराचं वेळापत्रक खिशात ठेवून वळणावर वॉकीटॉकी घेऊन उभा असतो. लाल गाडी दिसली की सांगायचं, तेवढ्यापुरता टेक थांबतो.

(दृश्य : गर्दीतले चेहरे, जवळून.)

गर्दी स्थानिक माणसांची असते, आणि ती स्वतःच्या सवयी अंगावर घेऊन येते. म्हाताऱ्यांच्या डोक्यावरची गांधी टोपी काढून खांद्यावर गमछा टाकणं सोपं. बायकांचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे घेऊन पिन लावणं हेही वेशभूषावाल्यांना पाठ असतं. निसटतं ते मंगळसूत्र. दोन वाट्यांचं काळ्या पोतीतलं मंगळसूत्र उत्तरेतल्या बाईच्या गळ्यात दिसलं, की सातारा-सांगलीचा प्रेक्षक ते लगेच ओळखतो. गर्दीतल्या बाईला ते काढायला सांगायचं नसतं, हा सेटवरचा अलिखित नियम. ते ब्लाउजच्या आत सरकवून पदर वर ओढायचा. भांगात सिंदूर भरला की काम झालं.

जनावरांना मात्र पदर घेता येत नाही. सातारा, सांगली, सोलापूर हा खिलार बैलांचा पट्टा. पांढरा अंगलोट, मागे झुकलेली लांब टोकदार शिंगं. अशी जोडी बिहारच्या शेतात नांगर ओढताना दिसली की आटपाडीचा शेतकरी हसणारच. पंढरपुरी म्हैस त्याहून चुगलखोर : तिची शिंगं तलवारीसारखी खांद्याच्या मागे जातात. उत्तरेत ओळखीची ती आखूड, वळणदार शिंगांची मुऱ्हा. ती इथल्या गोठ्यांतही मिळते, म्हणून कलाविभाग आधी मुऱ्हा शोधतो. बैलांना पर्याय मिळाला नाही तर ते लांबच्या शॉटमध्ये, तेही पाठमोरे. जनावर वापरायचं तर भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाची पूर्वपरवानगी लागते, त्यामुळे आयत्या वेळी शेजारच्या गोठ्यातलं दावं सोडून आणणं जमत नाही.

(दृश्य : खोट्या भिंतीची मागची बाजू. लाकडी चौकट, टेकू, वाळूच्या गोण्या.)

ही भिंत बघा. पुढून शंभर वर्षांची, मागून कालची. लाकडी पट्ट्यांच्या चौकटीवर आठ बाय चारचं पातळ प्लाय, त्यावर काथ्याचे धागे घातलेलं प्लास्टर ऑफ पॅरिस. वाळलं की चुन्यात पिवडी मिसळून हात मारायचा. नवा रंग कॅमेऱ्यात ओरडतो, म्हणून त्याला जुनं करण्याचं काम वेगळं. जमिनीपासून फूट-दीड फूट पातळ तपकिरी रंगाचा फवारा, म्हणजे ओल चढल्यासारखी दिसते. खिडकीच्या खालच्या कोपऱ्यांतून काळपट ओघळ. दाराच्या कडेला, जिथे माणूस जाता-येता हात टेकतो तिथे, तेलाचा बोळा फिरवायचा. चांगला कलादिग्दर्शक ओळखायचा तर या तेलाच्या डागावरून. सगळ्या भिंतीला सारखाच मळ फासला असेल तर घाई झालेली असते.

या भिंतीला पावसाची फार भीती. प्लास्टर पाणी पितं, फुगतं आणि पापुद्रे सुटतात. मे महिन्यातला एक वळीव रात्रीत आख्खी गल्ली पाडू शकतो, म्हणून ताडपत्री हाताशी ठेवायचीच. घाटावर किंवा जुन्या वाड्यात खिळा ठोकता येत नाही, ठोकूही नये. तिथे भिंत स्वतःच्या टेकूवर उभी राहते आणि टेकूच्या पायावर गोण्या. वारा सुटला की दोन माणसं मागे धरून बसलेली असतात. समोर नायिका रडत असते.

दगड लपवणं सर्वांत अवघड. सह्याद्रीचा काळा दगड उत्तरेच्या मैदानात नाही, तिथले घाट आणि हवेल्या विटांच्या किंवा पिवळसर, तांबूस वालुकाश्माच्या. काळा दगड रंगवता येत नाही, कारण घाट लोकांचा आहे. मग त्यावर धोतरं वाळत घालतात, छत्र्या लावतात, बांबूच्या ताटव्या टेकवतात. दगडाचा दुसरा त्रास छायालेखकाला. तो उजेड पितो. दगड नीट दिसावा म्हणून लेन्स उघडावी तर पुढचं पांढरं धोतर जळून सपाट होतं, धोतर सांभाळावं तर चेहरा काळवंडतो. म्हणून पांढरे कपडे आदल्या रात्री चहाच्या पाण्यात बुडवून काढतात, आणि चेहऱ्यावर थर्माकोलच्या पांढऱ्या पत्र्यानं उजेड परतवतात. शिवाय पायऱ्या ओल्या झाल्या की आणखी काळ्या दिसतात. एका शॉटला कोरड्या, पुढच्याला ओल्या, असं झालं की संकलक कपाळाला हात लावतो.

आता ज्याला शोधायची हौस आहे त्याच्यासाठी. मेणवलीच्या घाटाजवळ नाना फडणवीसांचा वाडा आहे, आणि घाटावर एक मोठी घंटा. ती पोर्तुगीज. १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली तेव्हाच्या लुटीतली, म्हणजे मूळची चर्चची. फ्रेममध्ये ती आली तर गंगेच्या खोऱ्यातल्या गावाला वसईचा इतिहास चिकटलाच. वाईतलं ढोल्या गणपतीचं देऊळ तर टाळावंच लागतं. १७६२ चं, पेशव्यांचे सरदार रास्ते यांनी बांधलेलं. पुराचं पाणी दुभंगून जावं म्हणून त्याची मागची भिंत माशाच्या आकाराची केली आहे. अशी भिंत एकदा पाहिलेला माणूस विसरत नाही. शेजारच्या काशीविश्वेश्वराच्या दीपमाळाही अशाच, दीपमाळ हा मराठी मुलखाचा शिक्का.

आणि डोंगर. गंगेच्या मैदानात क्षितिज सपाट. वाईच्या चारी बाजूंना मात्र माथा कापल्यासारखे डोंगर. कॅमेरा जरा उंचावरून खाली बघणारा ठेवायचा, लांब लेन्स लावून मागचं धूसर करायचं, किंवा थंडीतल्या सकाळच्या धुक्यात काम उरकायचं. डिसेंबरचं धुकं फुकट मिळतं, बाकी सगळ्याचे पैसे पडतात. एवढं करूनही मारामारीच्या दृश्यात कॅमेरा गरकन फिरतो आणि पांडवगड डोकावून जातो. हेच डोंगर संध्याकाळचं ऊनही चोरतात. पंचांगातल्या सूर्यास्ताच्या बऱ्याच आधी घाट सावलीत जातो, त्यामुळे पश्चिमेची सोनेरी किरणं हवी असतील तर वेळ घड्याळावरून नाही, आदल्या दिवशी घाटावर उभं राहून ठरवायची.

(दृश्य : धोम धरण, मग घाटाच्या बुडालेल्या पायऱ्या.)

नदीही तिच्या मर्जीची नाही. वाईच्या वर काही किलोमीटरवर धोम धरण. पाणी सुटलं की घाटाच्या दोन-तीन पायऱ्या बुडतात, बंद झालं की शेवाळ उघडं पडतं. दृश्य सोमवारी अर्धं, गुरुवारी अर्धं झालं, तर नायक बसल्याजागी वर-खाली होतो. शॉटला शॉट जुळतो का ते बघणारा कंटिन्युइटीवाला म्हणूनच पाण्याबाहेर किती पायऱ्या आहेत ते मोजून फोटोसह वहीत लिहितो. त्याहून शहाणं युनिट आधी पाटबंधारे खात्याकडून आवर्तनाच्या, म्हणजे पाणी सोडण्याच्या, तारखा घेतं आणि पाणी दिसणारे सगळे मोठे शॉट एकाच दिवशी उरकतं.

जाता जाता 'चेन्नई एक्सप्रेस'चं. वाईला रेल्वे नाही, जवळचं स्टेशन वाठार. सिनेमातली गाडी धबधब्यासमोरून जाते तो दूधसागर, गोवा-कर्नाटकच्या हद्दीवरचा. मुंबईहून चेन्नईला जाणारी नेहमीची गाडी पुणे-सोलापूरवरून जाते, ती त्या वाटेला फिरकतही नाही.

(दृश्य : उसाचा फड, मागे गाणी वाजवत जाणारा ट्रॅक्टर.)

मालिकांचं गणित उलटं. 'लागिरं झालं जी' २०१७ ते २०१९ चालली, त्यात सातारा साताराच होता, फौजेत जायची स्वप्नं बघणारी पोरं आणि इथलीच बोली. तिथे लपवायचं काही नव्हतं. पण अशा चित्रीकरणात आवाजाचा पिच्छा सुटत नाही. गळिताच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर मोठ्यानं गाणी लावून जातो. संवादात ते गाणं शिरलं तर नंतर काढता येत नाही, आणि ठेवावं तर गाण्याच्या हक्काचे पैसे. टेक फुकट.

त्याहून मोठा घोटाळा उसाचा. नायक-नायिकेचं पहिलं भांडण उसाच्या बांधावर झालं, समेटही तिथेच दाखवायचा, आणि मधल्या काळात फडाला तोड आली. उरतं ते पाचट. दुसरा फड शोधावा तर जात वेगळी, उंची वेगळी, तुरा आलेला. म्हणून उसातली दृश्यं, कथेत कितीही अंतर असो, एका दमात काढून ठेवतात. ते जमणार नसेल तर शेतकऱ्याला तोड लांबवायची भरपाई द्यावी लागते, कारण तोड चुकली की उसाचं वजन घटतं. प्रॉडक्शन मॅनेजर त्याआधी कारखान्याच्या चिटबॉयला, म्हणजे तोडीची चिठ्ठी देणाऱ्याला, फोन करून विचारतो, या गटाला तोड कधी. उत्तर बहुतेक ठरलेलं असतं : टोळी आली की सांगतो.