आठ वाजता, भाकरीच्या परातीसमोर

(दृश्य: भिंतीवर टीव्ही. त्याच्याखाली चुली, परात आणि पिठाचे डबे.)

टीव्हीवर फराह खान स्पर्धकांना उरलेला वेळ सांगत आहेत, आणि खाली, सोलापूरच्या जुन्या वस्तीतल्या या खोलीत, ज्वारीच्या पिठावर उकळते पाणी ओतले जात आहे. २७ जानेवारी २०२५ रोजी सोनी वाहिनीवर ‘सेलिब्रिटी मास्टरशेफ’चे पर्व सुरू झाले आणि सोमवार ते शुक्रवार रात्री आठ वाजता ते घरोघरी दिसू लागले. सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा, म्हणजे गड्ड्याचा, तो महिना होता. कडक भाकरी आणि शेंगा चटणीच्या ऑर्डरी इतक्या साचल्या होत्या की दिवसा न उरकलेले काम इथल्या बायका रात्री टीव्ही लावून पुरे करत होत्या. स्पर्धा मुंबईची असली, तरी आमचा कॅमेरा या खोलीतच होता, आणि ते पर्व आम्ही इथल्या बायकांबरोबरच पाहिले.

(दृश्य: टीव्हीचा पडदा जवळून. स्पर्धक एका रांगेत.)

मास्टरशेफ ही मूळची ब्रिटनमधली स्पर्धा. फ्रँक रॉडम यांनी १९९० मध्ये ती तिथे सुरू केली. आपल्याकडे २०१० मध्ये स्टार प्लसवर अक्षय कुमार यांच्यासह तिची हिंदी आवृत्ती आली, तेव्हा एप्रन बांधून उभे राहिलेले लोक घरी स्वयंपाक करणारे होते, आणि पहिल्या विजेत्या पंकज भदौरिया या लखनौच्या शिक्षिका होत्या. २०२५ च्या या पर्वात मात्र ओट्यामागे गौरव खन्ना, तेजस्वी प्रकाश, निक्की तांबोळी, दीपिका कक्कर, राजीव अदातिया, फैजल शेख, अर्चना गौतम, अभिजीत सावंत असे आधीच ओळखीचे असलेले चेहरे होते, तर परीक्षक म्हणून रणवीर ब्रार आणि विकास खन्ना होते. ज्यांना सगळा देश ओळखतो, त्यांना कांदा चिरताना पाहण्यात गंमत आहे हे खरे. पण कांदा रोजच चिरणाऱ्यांसाठी उघडलेले हे दार त्या पर्वापुरते तरी बंद होते, हेही तितकेच खरे.

या खोलीत सगळ्यांचे लक्ष असायचे ते उषा नाडकर्णींकडे. १९४६ साली जन्मलेल्या, मराठी रंगभूमीवरून हिंदी मालिकांपर्यंत पोचलेल्या ‘आऊ’ पडद्यावर आल्या की परातीवरचे हात थोडे मंदावत. त्यांच्याविषयी इथे मराठीत, कन्नडात आणि तेलुगूत एकाच वेळी बोलले जाई, आणि सोलापुरात त्यात कुणाला काही नवल वाटत नाही.

(दृश्य: परात. दोन हात. पीठ मळणे, थापणे.)

आता हे हात नीट पाहावेत. ज्वारीच्या पिठात गव्हासारखा चिकटपणा नसतो. तो आणावा लागतो उकळत्या पाण्याने आणि तळव्याच्या जोराने. म्हणून पीठ एकदम न भिजवता एका भाकरीपुरते पुढे ओढून घेतले जाते आणि लोण्यासारखे मऊ होईपर्यंत रगडले जाते. पीठ जुने झालेले असेल, म्हणजे त्याची विरी गेलेली असेल, तर कडा लगेच चिरतात, आणि मग कितीही रगडले तरी उपयोग होत नाही. गोळा परातीत ठेवून एका हाताने थापायचा आणि दुसऱ्या हाताने त्याची कड सांभाळायची. भाकरी आपोआप गोल फिरत मोठी होते, इतकी पातळ की परातीचा तळ खालून जाणवावा. ती तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाण्याचा हात फिरवतात, ते पाणी सुकायच्या बेतात आले की उलटतात, आणि इथून पुढे तिचा रस्ता रोजच्या भाकरीपेक्षा वेगळा होतो. रोजची भाकरी फुगली की काम झाले. कडक भाकरीला फुगू द्यायचे नसते. मंद आचेवर फडक्याने दाबत तिच्यातला ओलावा काढायचा असतो, आणि मग चुलीच्या उबेला उभी करून ती पूर्ण वाळेपर्यंत थांबायचे असते. ओल राहिली तर बुरशी धरते, आच वाढली तर करपते. नीट जमलेली भाकरी बोटाने टिचकी मारली की खणखणते, आणि कोरड्या डब्यात कित्येक आठवडे टिकते.

या पर्वात एकदा रंग ओळखण्यावरून गौरव खन्ना यांना परीक्षकांची बोलणी खावी लागली, आणि तेव्हा आपल्याला रंगांधळेपणा असल्याचे त्यांनी सांगितले. त्यावर या खोलीत बराच वेळ चर्चा झाली. भाकरी झाली की नाही हे रंगावरून ठरवणारे इथे कुणीच नव्हते. आवाज, वजन आणि बोटाला लागणारा खरखरीतपणा यांवर काम चालते, आणि वीज गेली तरी थापणे थांबत नाही. पडद्यावर मात्र पदार्थ आधी कॅमेऱ्याला आवडावा लागतो. थाळीच्या मांडणीवर परीक्षक जितके बोलत, त्याचे इथे हसू होई.

(दृश्य: मंगळवेढ्याचे शिवार. ज्वारीची काढणी.)

पर्व चालू होते तेव्हाच, फेब्रुवारी-मार्चमध्ये, मंगळवेढ्याच्या शिवारात ज्वारीची काढणी सुरू होती. परतीच्या पावसाने काळ्या, भारी जमिनीत मुरवलेल्या ओलीवर सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरलेले हे रब्बीचे पीक बहुतांशी त्या ओलीवरच हाताशी येते. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि तिचा नावाजलेला मालदांडी वाण, ‘एम ३५-१’, याच जिल्ह्यातल्या मोहोळच्या संशोधन केंद्रातला आहे. टपोऱ्या, पांढऱ्या दाण्याची ही ज्वारी दळली की भाकरीला गोडसर चव येते. कडबा जनावरांना जातो. साठ मिनिटांत ताट मांडायला सांगणाऱ्या स्पर्धेत या पाच महिन्यांना जागा मिळणे अवघडच होते.

(दृश्य: उखळ. लोखंडी मुसळ. शेंगदाणे.)

शेंगा चटणीचेही तसेच आहे. दाणे मंद आचेवर खमंग भाजून, चोळून, पाखडून घ्यायचे. मग लसूण, तिखट, जिरे आणि मीठ घालून उखळात कुटायचे. मिक्सरच्या पात्याने दाण्याचा भुगा होतो, तर मुसळाच्या घावाने दाणा चेचला जातो आणि त्याचे स्वतःचे तेल सुटते. त्या तेलाने चटणी ओलसर होऊन उखळाच्या कडेला धरू लागली की हात थांबवायचा. वरून तेल घालून तोच ओलसरपणा आणणारेही बाजारात आहेत. त्यांच्याविषयी या बायका जे बोलल्या ते निवेदनात घेण्यासारखे नाही.

दुखापतीमुळे दीपिका कक्कर यांना स्पर्धा मध्येच सोडावी लागली. मनगट आणि खांद्याचे दुखणे या खोलीतही आहे, धूरही आहे. काम सुरू आहे.

(दृश्य: टीव्ही. अंतिम भाग. खोलीत गर्दी.)

११ एप्रिल २०२५ रोजी अंतिम भाग झाला. गौरव खन्ना विजेते ठरले, निक्की तांबोळी दुसऱ्या आल्या, तेजस्वी प्रकाश तिसऱ्या. उषा नाडकर्णी त्याआधीच बाहेर पडल्या होत्या, आणि तेव्हापासून खोलीतला टीव्हीचा आवाजही थोडा कमी झाला होता.

(दृश्य: भाकऱ्या मोजणे, पाकिटे बंद करणे, खोकी रिक्षात चढवणे.)

ही खोकी आता दुकानांत जातील आणि तिथून एसटीने पुण्या-मुंबईला. पर्वातल्या प्रत्येक स्पर्धकाच्या एप्रनवर त्याचे नाव ठळक लिहिलेले होते. या पाकिटावर वजन आहे, तारीख आहे, किंमत आहे आणि विकणाऱ्या दुकानाचा फोन नंबर आहे. भाकरी कुणी थापली, यासाठी रकाना नाही. तो छापायला फारसा खर्च येत नाही, असे पाकिटे छापणाऱ्याने आम्हाला सांगितले. दुकानदारांना विचारले, तेव्हा गिऱ्हाईक तसे काही मागत नाही, असे उत्तर मिळाले.