पुराव्यानिशी सलोखा

(दृश्य : किंग्स्टन, ओंटारियो. क्वीन्स विद्यापीठाच्या विधी शाखेची इमारत.)

ऑक्टोबर 2020. क्वीन्स विद्यापीठानं आपल्या विधी शाखेच्या इमारतीचं नाव उतरवायचं ठरवलं. नाव होतं सर जॉन ए. मॅकडोनल्ड यांचं. कॅनडाचे पहिले पंतप्रधान, याच गावात लहानाचे मोठे झालेले. मूळनिवासींच्या मुलांना घरापासून तोडणाऱ्या निवासी शाळांचं जाळं विणायला सुरुवात केली ती त्यांच्याच सरकारनं.

पुढच्या वर्षी, जुलै 2021 मध्ये, याच विद्यापीठाचे कुलपती झाले मरे सिंक्लेअर. अनिशिनाबे या मूळनिवासी समाजाचे.

पाटी एका दिवसात उतरवता येते. सिंक्लेअर यांनी विद्यापीठांकडे जे मागितलं होतं, ते मात्र बरंच किचकट होतं.

(दृश्य : कॅनडाचा मॅनिटोबा प्रांत. सेलकर्कजवळची रेड नदी.)

सिंक्लेअर यांचा जन्म 1951 चा. आई लवकर गेली, आजी-आजोबांनी वाढवलं. मॅनिटोबा विद्यापीठात शिकत असताना आजीची सेवा करायला शिक्षण मध्येच सोडलं. नंतर पुन्हा उभे राहिले आणि 1979 मध्ये त्याच विद्यापीठातून वकील होऊन बाहेर पडले. 1988 मध्ये न्यायाधीश झाले. मॅनिटोबातले पहिले मूळनिवासी न्यायाधीश.

2009 मध्ये, निवासी शाळांत काय घडलं ते नोंदवणाऱ्या सत्य आणि सलोखा आयोगाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. दीड लाखाहून जास्त मुलं या शाळांतून गेली होती, आणि शेवटची शाळा बंद झाली ती थेट 1990 च्या दशकात. म्हणजे साक्षीदार हयात होते. सहा हजारांहून अधिक जण बोलले. सोबत असायची देवदाराची एक कोरीव पेटी, ल्यूक मार्स्टन या कलावंतानं घडवलेली. लोक तिच्यात आपापली आठवण ठेवायचे. डोळे पुसलेले कागदी रुमालसुद्धा गोळा व्हायचे आणि पवित्र अग्नीत अर्पण केले जायचे. न्यायालयात आयुष्य घालवलेल्या माणसानं साक्ष नोंदवण्याची ही रीत मान्य केली, याचं मला विशेष वाटतं.

(दृश्य : कागदपत्रांचे खोके, कपाटांच्या रांगा.)

पण अश्रूंवर आयोग थांबला नाही. त्याला या शाळांचे सरकारी कागद हवे होते. 2008 मध्ये या शाळांबद्दल संसदेत माफी मागणारं केंद्र सरकार हे कागद द्यायला मात्र कां कू करत होतं. अखेर आयोगाला कोर्टात जावं लागलं, आणि जानेवारी 2013 मध्ये निकाल आयोगाच्या बाजूनं लागला. माफी मागितलेल्यांकडून पुरावा मिळवायला खटला लढावा लागतो, हे एका न्यायाधीशानं अनुभवलं!

डिसेंबर 2015 मध्ये अंतिम अहवाल आला. जे घडलं त्याला त्यानं ‘सांस्कृतिक वंशसंहार’ म्हटलं आणि 94 कृती सुचवल्या. त्यात विद्यापीठांनाही कामं लावून दिली होती: कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला निवासी शाळांचा इतिहास आणि मूळनिवासींचे हक्क शिकवा, मूळनिवासी भाषांचे पदवी अभ्यासक्रम सुरू करा. शिक्षणानंच हे सगळं बिघडवलं, आता शिक्षणानंच ते निस्तरावं, असं सिंक्लेअर वारंवार सांगत.

मॅनिटोबा विद्यापीठानं आपला वाटा आधीच कबूल केला होता. ऑक्टोबर 2011 मध्ये हॅलिफॅक्सला, आयोगापुढे, विद्यापीठाचे अध्यक्ष डेव्हिड बार्नार्ड यांनी माफी मागितली. ही व्यवस्था चालवणारे धर्मगुरू, शिक्षक, अधिकारी आणि राजकारणी आमच्याच वर्गांतून शिकून गेले, असं त्यांनी मान्य केलं. पुढे आयोगाचा सगळा दस्तऐवज सांभाळायची जबाबदारीही याच विद्यापीठानं घेतली. नोव्हेंबर 2015 मध्ये तिथं राष्ट्रीय सत्य आणि सलोखा केंद्र सुरू झालं. ती देवदाराची पेटीही या केंद्राकडे आली.

(दृश्य : लाल कापडाचा लांबच लांब पट्टा, त्यावर नावं.)

30 सप्टेंबर 2019 रोजी केंद्रानं हा पन्नास मीटरचा पट्टा उलगडला. शाळांतून परत न आलेल्या 2,800 मुलांची नावं त्यावर होती. आता यादी चार हजारांच्या पुढे गेली आहे.

4 नोव्हेंबर 2024 रोजी विनिपेगमध्ये सिंक्लेअर गेले, वयाच्या 73 व्या वर्षी. यादी अजून पुरी झालेली नाही. आयोगाला सापडलेल्या मृत्यूंपैकी जवळपास एक तृतीयांश मुलांची नावं ना शाळेनं लिहिली होती, ना सरकारनं. ती आता चर्चच्या जुन्या नोंदवह्यांतून आणि घरच्यांच्या आठवणींतून जुळवावी लागतात.